पान एक जगदीशशेठचं

एका वाडीचं पाणी जगदीशशेठनेच घालवलं, नाव घेऊन सांगतो, मागून कुजबुजायची मला सवय नाही, आणि माझ्यासारख्या कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या पोराचं कोण काय वाकडं करणार... तर शेठ आमच्या फाउंडेशनचे अध्यक्ष. बावीस वर्षं छापील मासिक निघालं, पहिल्या पानावर शेठचं मनोगत आणि कोटातला फोटो, शेठ म्हातारे झाले, फोटोतले केस काळेच. यंदा ठरलं, मासिक मोबाइलवर काढायचं. कोण काढणार? ‘ओमकार रिकामाच हाय, त्याला द्या.’ दिलं.

तुम्हाला सांगतो, जीव लावून केलं. कळंबच्या वर एक वाडी आहे, तिथल्या सोनुबाईला मोबाइलसमोर बोलतं केलं. डोंगरातल्या झऱ्यापासून वाडीपर्यंत पाइप टाका, एवढंच तिचं मागणं, नाहीतर उन्हाळाभर बायांची हंडे घेऊन चढउतार. आणि आमच्याकडं पद्धत अशी, की चैत्रात देणगीदार जमतात, मासिक चाळतात, डोळ्यात भरेल ते त्या वर्षाचं काम. म्हटलं, सोनुबाईचा व्हिडिओ सगळ्यात वर, पाइप आलाच.

सकाळी सातला शेठचा फोन. ‘ओमकार, वर ही बाई कशी? आमी कुठं हाय?’

‘शेठ, यात नवीन ते वर येतं, जुनं खाली सरकतं.’

‘मंग मला नवीन कर.’

आता एकाहत्तर वर्षांचा माणूस, नवीन कसा करायचा? पण पान एक म्हणजे पान एक.

बरं, शेठना वर पक्कं डकवलं, हलणार नाही असं, तर चिटणीस कमलेशकाका हजर, ‘आमी काय खाली लोंबकळायचं का रं?’ मग खजिनदार, मग ललिताताई... सात विश्वस्त, सात मनोगतं, आणि एकानेही दुसऱ्याचं कधी वाचलेलं नाही. मीटिंग भरली. तीन तास, भजी दोनदा. ठराव काय, तर रोज पहाटे सहाला सातही मनोगतं नव्याने टाकायची, धाकट्यापासून सुरुवात, शेठ शेवटी, म्हणजे शेठ वर. म्हटलं, प्रत्येक वेळी चारशे देणगीदारांचे फोन वाजतील. काका म्हणतात, ‘वाजू दे की, झोपलेत का ते?’ पहाटे सहाला झोपलेलेच असतात हो, पण पान एक म्हणजे पान एक.

पंधरा दिवस हेच. सोनुबाई शंभर फोटोंच्या खाली. तिचा फोन यायचा, ‘दादा, बगितला का कोनी?’ मी म्हणायचो, बघतील. ललिताताईंना विनवलं, एक दिवस तिला वर राहू द्या. ‘अरे, राहू दे ना, मी कुठं नाही म्हणते? फक्त माझं खाली नको.’

चैत्रात देणगीदार जमले, मोबाइल काढले. वर शेठ: ‘आपल्या कृपेने सर्व कामे पूर्ण झाली.’ त्याखाली काका: ‘सर्व कामे पूर्ण.’ सातही जणांचं तेच, कारण आभार मानायची यांची रीतच ती, बावीस वर्षांची. पाहुणे खूश. ‘वा, काही शिल्लकच नाही म्हणायचं. मग यंदा थांबू.’

मी उठलो, म्हटलं, अजून खाली सरकवा, तिथं वाडी आहे...

‘बस रं, मोठी मानसं बोलतायत,’ शेठ म्हणाले.

आणि मी बसलो. इतका तोंडाळ माणूस, बसलो.

शेठ अजून पान एकवर आहेत. पाइप येत नाही, हे वाडीवर सांगायला मीच गेलो. एरवी दारात पाय ठेवला की सोनुबाई आधी पाण्याचा तांब्या पुढं करायची. आता करत नाही.