एकट्याची येळवस

न्हाई न्हाई, ती बंदूक आत आणू नका. भाईरच ऱ्हाऊ द्या, कडब्याला टेकवून — हां, तिथंच. कुणी न्हेत न्हाई. आज येळवस हाय, अवसेचा रानातला सण, चोरसुद्धा आपापल्या रानात कोपी घालून भज्जी खाऊन आडवे झाले असतील. या, वाकून या. कोपीचं दार ठेंगणंच असतंय, इथं तहसीलदारालापण वाकावं लागतंय. बसा. ते चुन्यानं रंगवलेले पाच दगड दिसायलेत ना, ते पांडव हेत आमचे, त्यांच्याकडं पाय करू नका म्हंजे झालं. अन् मघाशी मी तोंड सोडलं त्याचा राग धरू नका, साहेब — धरलात तरी माझी काही हरकत न्हाई. जीप दिसली अन् माझं डोकं फिरलं, म्हणलं, आली पुन्हा पीडा. पण येळवशीला कोपीवर आलेल्या माणसाला जेवू घातल्याबिगर लावून देत न्हाईत, मग तो कुणी का असंना. म्हणून तुमी आत अन् ती बंदूक भाईर. पाव्हणे तुमी, ती न्हाई.

घ्या, भज्जी घ्या. बाजरीचा उंडा असा कुस्करायचा, त्यावर ही ओतायची — असं. तिखट झालीय? झाली असंल. मला काय अंदाज, जन्मभर खानावळीत जेवलो. पूर्णा टेसनात तारमास्तर होतो मी. निजामाच्या रेल्वेत लागलो अन् भारत सरकारच्या रेल्वेतून निघालो, पण यंत्र तेच — कट्ट कटकट्ट, कट्ट कटकट्ट. कुणाला पोरगा झाला, कुणाचा बाप वारला, सगळ्या मुलखाच्या खबरा माझ्या बोटातून गेल्या. माझी म्हणून एक तार कधी कुणाला करावी लागली न्हाई. लगीन? न्हाई केलं. ऱ्हाऊनच गेलं म्हणा. आता तुमी म्हणाल, मग एवढी पातेलंभर भज्जी कुणासाठी? अहो, ही थोडी करताच येत न्हाई. इतक्या भाज्या, इतक्या शेंगा, एकेक मूठ टाकली तरी घरभर होती. अन् येळवशीला येत असतेत माणसं. येतेत. तुमी आलात न्हाई का?

हा व्हय? हा कॅमेरा. निवृत्त झालो तेव्हा हैदराबादहून आणला. लोकांनी पितळी हंडे आणले, काशीला गेले, मी हा काळा डबा आणला. पोटाशी धरायचा, वरून या काचेत बघायचं. जनावरांचे फोटू काढायचे — माणसांचे न्हाई, माणसं लय बघितली. हसा, हसा. परभणीचा बन्सीधर स्टुडिओवाला, माझे रोल धुतो, तोपण असाच हसतो. पयला रोल धुऊन दिला अन् म्हणला, मास्तर, ही काय तऱ्हा, सगळ्या नवरदेवांची पाठच घेतली व्हय तुमी? खरंच सगळी ढुंगणं होती, साहेब. एक मुंडकं न्हाई. कामून? तर या काचेत सगळं उलटं दिसतंय. हरण डावीकडं निघालं की काचेत ते उजवीकडं जातंय. मी डबा उजवीकडं फिरवायचो अन् ते गेलेलं असायचं. हे डोक्याला कळतंय, हाताला न्हाई कळत. रोज बांधावर बसून शेरडावर हात बसवला मी. गावातली माणसं म्हणायची, मास्तराला भूल पडली, शेळीला तार करायलाय.

बंदुकीला तसं काही शिकावं लागत न्हाई, न्हाई का? चुकलं, बोलू नये, जेवायलेत तुमी. पण बोलतोच. पयले हे समदं जागीरदाराचं रान. त्याच्या हुकमाबिगर कुणी हरणाला हात लावला तर चाबूक. म्हंजे त्याला दया होती? कशाची दया! त्याला समदी एकट्यालाच मारायची होती. मग पोलीस ॲक्शन झाली, आपण सुटलो. झेंडे लावले, पेढे वाटले. हरणं तेवढी सुटली न्हाईत. जीपा आल्या — वकिलांच्या, अडत्यांच्या, हापिसरांच्या. अंधारात दिव्याचा झोत टाकायचा, जनावर डोळे फाडून जागच्या जागी उभं ऱ्हातंय, अन् गादीवर बसल्या बसल्या बार काढायचा. याला शिकार म्हणतेत? अहो, फलाटावर झोपलेल्या पाशिंजराचं गाठोडं पळवणारापण याच्यापेक्षा जास्त जोखीम घेतो! मी वर अर्ज केले. एकाला जबाब आला न्हाई. दुसऱ्याचा आला — चौकशीला हापिसर पाठवतो म्हणून. तो हापिसर आला, देशमुखाच्या वाड्यावर उतरला अन् जाताना जीपमध्ये दोन हरणं घालून घेऊन गेला. राणीसावरगावच्या बाजारात जाऊन कुणालाबी विचारा.

आंबील घ्या. थंड हाय. मी आपला बोलतच सुटलोय. सवय न्हाई हो. महिना महिना तोंडातून शब्द निघत न्हाई, अन् कुणी बसलं समोर की हे असं, पाट फुटल्यासारखं.

बरं, तुमाला इथली वाट दाखवली कुणी? गाडीरस्त्यावरून तर दिसत न्हाई हे रान. काय म्हणालात? पलीकडच्या कोपीतल्या माणसानं? — पांढरा पटका? मिशा? पोरंबाळं लय होती तिथं? — अन् तो म्हणला, मास्तराच्या रानात जावा, तिथं कळप हाय. असं. स्वतःहून म्हणला का तुमी विचारल्यावर? — स्वतःहून.

भाऊ हाय तो माझा. चंद्रभान. हे मधलं रान पडलंय ना, त्याच्या पल्याड त्याचं वावर. वारा इकडचा असला की त्यांचं हसणं ऐकू येतंय. आत्ता ऐकलं ना? ती मोठ्यानं हसायली ती कडूबाई, भावजय. तिची भज्जी खाल्ली असंल तुमी. माझ्यापेक्षा चांगली, म्हणा की, त्यात काय लाजायचं.

त्याचं चुकलं असं न्हाई म्हणत मी. रीतसर बघा तुमी. मी माझ्या हरभऱ्याला राखण करत न्हाई. न गोफण, न आरोळी. मला जनावर जवळ लागतंय — या डब्यात लांबचं हरण मुंगीएवढं येतंय. म्हणून मी त्यांना येऊ दिलं. पण हरणाला बांध कळतो का? माझ्यात शिरलं की त्याच्यात जातंय. मागच्या साली त्याचा हरभरा बुडापासून खाल्ला. कडूबाई बांधावर बसून रडली. मी म्हणलं, माझा समदा हरभरा तुमी न्या. चंद्रभान म्हणला, दादा, भीक नको, तू राखण कर. अन् मी — मी म्हणलं, एक चांगला फोटू होऊ दे, मग करतो. तवापासून म्हणायलोय.

अन् त्यात हा फोटू झाला. थांबा, दाखवतो. हा. पोळ्याला चंद्रभान बैल सजवून उभा होता, म्हणला, दादा, माझापण एक काढ. तेवढंच कधी मागितलं त्यानं. मी काढला. पण आधी काळविटाचा एक काढलेला, अन् मधी रोल सरकवायची चावी फिरवायची इसरलो. एकावर एक उमटलं. बघा — हा चंद्रभान, हा पटका, अन् पटक्यातून ही शिंगं. पिळाची, लांब, एकदम साफ! माझा आजवरचा सगळ्यात साफ फोटू हाच. मी खुशीत देवळापुढं दाखवला सगळ्यांला. चार माणसं हसली. गावानं त्याचं नाव काळवीट ठेवलं. त्याला वाटलं मी मुद्दाम केलं. चावी इसरली हे सांगितलं तर म्हणतो, तार पाठवताना एक अक्षर चुकला न्हाईस जन्मात, अन् माझ्याच टायमाला इसरलास?

बघा की, नीट बघा. शिंगं बघा त्याची. हाच तो. अशी जोडी तुमाला गंगाखेडपासून पाथरीपर्यंत गावायची न्हाई. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं. मी इथं पेरणीपासून कोपी घालून ठेवलीय, त्याला तिची सवय झालीय. आधी लांबून फुरफुरायचा. आता कोपीच्या सावलीला येऊन अंग घासतो. कोपीतून माणूस निघतो हे त्याला ठावंच न्हाई. ऊन उतरलं की त्या जोडबाभळीमागच्या वढ्यातून वर येतो — आधी माद्या, मग हा. चुकत न्हाई, टेसनाच्या घड्याळासारखा. आज सकाळधरनं म्हणूनच तोंड शिवून बसलो होतो. रोलमधी एकच फोटू ऱ्हायलाय. ऊन असं तिरपं, वारा आपल्याकडचा, आज जमणार, आज मुंडक्यासकट जमणार —

ते बघा. हळू. हालू नका. बाभळीच्या बुडाशी. एक... दोन... ती मागं बघायली म्हंजे तो हाय. आला. आला, साहेब. बघा कसा चालायलाय, मान मागं टाकून, जसं काही बाजार त्याच्याच बापाचा. काचेत आला. डावीकडं... न्हाई, उजवीकडं... गावला. अजून दहा पावलं येऊ द्या, मग —

तुमी उठलात कामून?

हात धुवायला पाणी हितं हाय, आत. भाईर काय काम हाय? साहेब. त्या कडब्याकडं हात कामून गेला तुमचा?

अस्सं.

म्हंजे मी बसलो सांगत. वढा सांगितला, बाभूळ सांगितली, टाइम सांगितला. वारा कुठला तेपण सांगितलं. कोपी बांधली मी, सवय लावली मी, अन् तुमी नुस्तं जेवलात. अर्ज लिहून लिहून बोटं झिजवली ती ज्याच्याविरुद्ध, त्यालाच मी बसवला पाटावर! तुमाला नावं ठेवू तर कोणत्या तोंडानं? जीपवाल्यांना निदान दिवा तरी लावावा लागत होता.

न्हाई, हात धरत न्हाई मी तुमचा. लायसन असंल, तुमी सरकारी माणूस असाल, अन् पाव्हण्याच्या अंगाला हात लावत न्हाईत. तुमी भरा ती. तेवढ्यात माझं एक काम ऱ्हायलंय, येळवशीचं. आंबिलीचं गाडगं द्या इकडं. न्हाई, ते न्हाई, देवापुढचं. ही आंबील वावरभर शिंपडायची असती, आरोळी देत. दोघं लागतेत त्याला. एकानं 'ओलगे ओलगे' म्हणायचं, दुसऱ्यानं 'सालम पोलगे'. लहानपणापासून मी पुढं अन् चंद्रभान मागं. मी पूर्णेहून रजा घेऊन यायचो एवढ्यासाठी. मागच्या साली केलं न्हाई, औंदा केलं न्हाई. एकट्याला होत न्हाई, अन् आवाज केला तर हरणं जातेत. व्हय, जातेत. ठावं हाय मला. हा कॅमेरा धरा — न्हाई, ऱ्हाऊ द्या, पांडवांपाशी ठेवतो. सरा, भाईर निघू द्या.

ओलगे ओलगे!

बघा! बघा कशी उडाली! बार काढा की, काढा आता, गावला तर! ओलगे ओलगे! काळ्या, पळ, वढ्यात पळ, तिकडं — अरे, तिकडं! ओलगे ओलगे!

गेला.

पुन्हा न्हाई यायचा तो या कोपीपाशी. एकदा माणूस दिसला म्हंजे दिसला. जाऊ द्या. तेवढा हरभरा वाचंल चंद्रभानचा.

का हो, 'सालम पोलगे' म्हणा ना तुमी. दोनच शब्द हेत. मीठ खाल्लंय माझं. — न्हाई? बरं.

ओलगे ओलगे!

थांबा. हालू नका. तिकडचं हसणं बंद झालं बघा. ऐकलंय त्यांनी. वारा इकडचाच हाय, म्हणलं तर येईल ऐकू.

ओलगे... ओलगे...

जावा तुमी, साहेब. भज्जी ऱ्हायलीय ती डब्यात घालून न्या, मला एकट्याला सरत न्हाई. अन् एवढं करा — जीप लगेच चालू करू नका. जरा दम धरा. लय आवाज होतो तिचा. पलीकडून कुणी काही म्हणलं तर मला ऐकू यायचं न्हाई.