बाहेर कुणी विचारलं तर

(कल्याणचं कोर्ट. जिन्याशेजारचा बाक.)

दीप्ती : चहा नको, आई. आत काय झालं ते सांगा. सान्वी एकटी आत जाईना म्हणून तुम्हाला सोडलं ना तिच्याबरोबर?

जाईबाई : घे गं घोटभर. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.

दीप्ती : सान्वीला काय विचारलं?

जाईबाई : जजबाई चांगल्या होत्या. चॉकलेट दिलं. कितवीत आहेस, मम्मी गेल्यापासून जेवायला कोण घालतं, असं. मग दारातून तुझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाल्या, त्या बसल्यात त्या कोण गं तुझ्या?

दीप्ती : मग?

जाईबाई : मावशी म्हणाली. खणखणीत बोलली. माझी दीप्तीमावशी. मम्मीची मैत्रीण. आमच्याकडे राहते.

दीप्ती : जॉबसाठी.

जाईबाई : काय?

दीप्ती : 'जॉबसाठी राहते' असं आहे पुढे. बोलली का?

जाईबाई : बोलली. पण तुला कसं...

दीप्ती : मीच पाठ करून घेतलंय. घरात दीआई. बाहेर कुणी विचारलं तर मावशी. तीन वर्षांची असताना घोडबंदरला लिफ्टमध्ये एका बाईला सांगितलं हिने, मला दोन आया आहेत. महिन्यात फ्लॅट खाली करायला लावला आम्हाला. मग मी खेळ काढला. मी वॉचमन व्हायचे, टीचर व्हायचे, डॉक्टर व्हायचे, विचारायचे, ही कोण गं तुझी? तुमची माया भांडायची माझ्याशी. पोरीला खोटं शिकवू नको म्हणायची.

जाईबाई : मग हे वकिलाला सांग ना.

दीप्ती : काय सांगू? पोरगी खोटं बोलली, आणि मी शिकवलेलं? तुमच्या कमलेशचा वकील टाळ्या वाजवेल.

जाईबाई : माझ्या मनात काही नाही गं.

दीप्ती : माया गेल्यावर जलदानाच्या विधीला पाण्याची धार सोडायला तुम्ही मला बसवलंत. अख्ख्या शहाडच्या वस्तीसमोर सान्वीला माझ्या मांडीवर दिलंत. ते बोललात आत?

जाईबाई : मला कुणी विचारलं नाही.

दीप्ती : विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही?

जाईबाई : मला म्हातारपण कमलेशच्या घरात काढायचंय, दीप्ती.

कमलेश : (जिना चढून येत) आई, चल. रिक्षा थांबवलीय. आणि तू, वकिलाने सांगितलं ना तुला? ऑर्डर झाली. पोरगी सध्या आमच्याकडे. तू भेटायला येऊ शकतेस, महिन्यातून एका रविवारी.

दीप्ती : खूश?

कमलेश : बहीण गेली माझी, खूश कसला? मी काय राक्षस आहे? रक्ताचा मामा आहे तिचा.

दीप्ती : मायाला रक्त लागत होतं तेव्हा रक्ताचा मामा फोन कट करायचा.

कमलेश : करायचो! नाक्यावर पोरं काय काय बोलायची, तुला माहितेय? तुम्ही जगलात तुमच्या मर्जीने. आता बोल, कागद कुठाय तुझ्याकडे? लग्न कुठाय?

दीप्ती : दोन बायकांचं लग्न होऊ देत नाहीत म्हणून नाही! जन्मदाखल्यावर आई म्हणून मायाचं नाव. माझं टाकायला जागाच ठेवलेली नाही. मी काय करायचं? ढुंगण धुवायचं, ताप आला की जागायचं, फी भरायची आणि कोर्टात मैत्रीण म्हणून बसायचं. हा कायदा नाही रे, ही चोरी आहे. शिक्का मारून पोर नेताय माझी.

कमलेश : हळू बोल. सान्वी खाली मामीजवळ उभी आहे, ऐकेल.

दीप्ती : ...रडतेय का?

कमलेश : नाही ना! उड्या मारतेय. तिला अजून माहीतच नाही आमच्याकडे यायचंय ते. सारखं एकच, मामा, मावशीला विचारून ये, मी बरोबर बोलले ना? मला काय कळेना, कसलं बरोबर?

जाईबाई : कमलेश, गप बस.

कमलेश : अगं, मी काय केलं आता? तिला सांगू काय?

दीप्ती : सांग तिला, एकदम बरोबर बोलली. एक पण चूक नाही.