पहिला तास फुलाय आजीचा

अमरावतीच्या बसस्टँडवर मी धारणीच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक तरुण शिक्षिका आणि तिला न्यायला अकोल्याहून आलेले तिचे वडील बोलत होते.

“आरती, अकोल्याले बदली भेटून राहिली, अन् तू नाही म्हणून राहिली?”

“हो बाबा. मेळघाटातली शाळा मी सोडत नाही.”

“काहून पण?”

“पहिलीतले पोट्टे घरी कोर्कू बोलतात. मी मराठीत शिकवलं, तं महिनाभर कोणी तोंडच उघडलं नाही. मंग गावातल्या फुलाय आजीले वर्गात बोलावलं. तिनं कोर्कूत वाघाची गोष्ट सांगतली, अन् सारे पोट्टे एकदम बोलाले लागले. आता रोज पहिला तास तिचाच असते.”

“साहेबाले चालते हे?”

“तपासणीले आले तवा रागावले. म्हणे, हे काय शिकवणं आहे? मी म्हटलं, सर, पोरायलेच विचारा. एका पोरीनं तीच गोष्ट आधी कोर्कूत सांगतली, मंग मराठीत, अन् फळ्यावर ‘वाघ’ लिहून दाखवला.”

“मंग?”

“जाताना म्हणे, बाजूच्या शाळेतल्या मास्तरायले बी दाखवा.”

“अन् तुले येते का कोर्कू?”

“येऊन राहिली. चुकली का पोट्टे हसतात, पण बरोबर करून सांगतात.”

धारणीची गाडी लागली. वडिलांनी पिशवी उचलली.

“बाबा, अकोल्याची गाडी तिकडं लागते.”

“माहीत आहे मले. तुही शाळा पाहून येतो. चाल लवकर, खिडकी धरू.”