तापवल्यावर आकसणारा धातू

आमच्या नेकनूरच्या सविताचं डोकं लई भारी, बे! भौतिकशास्त्रात डॉक्टर झाली. सत्कार नेमका ऊसतोडीच्या दिवसांत, निम्मं गाव दूर कारखान्यांकडं गेलेलं, म्हणून निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ती म्हणाली, "माझा इटर्बियम नावाच्या धातूचा पदार्थ तापवला की आकसतो."

किसनकाका लोहार उठलेच. "कायबी! जलमभर लोखंडी धाव तापवून, फुगवून गाडीच्या चाकावर चढवली म्या."

"लोखंडाचं खरंच हाय, काका. पण याच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन घरी असला की अणू फुगलेला राहतो. तापलं की तो बाहेर पडतो, अन् अणू आकसतो."

काकांनी रिकाम्या खुर्च्यांकडं बघितलं. त्यांची दोन्ही पोरं तोडीला गेलती.

"परत येतो का गं त्यो?"

"निवलं की येतो, काका."

"मग बरोबर हाय तुझं," म्हणत पहिली टाळी काकांनीच वाजवली.