पंधरा सेकंद गप्प बसायचं

— नाही हो वहिनी, मॉनिटर जळलेला नाही! जळला असता तर वास आला असता, आणि मशीनसकट तो उचलून आणायची तुम्हाला हिंमत झाली नसती. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो — हां, इथे. आता तुम्ही काय केलंत ते मीच सांगतो. 'डिस्प्ले'त गेलात, रिझोल्यूशन बदललंत, पडदा काळा झाला, आणि घाबरून जे हाताला येईल ते बटण दाबत सुटलात. बरोबर? अहो, लाजायचं काय त्यात, दहातली आठ माणसं हेच करतात! तुमच्या मशीनवरचं लिनक्स बिचारं फार सभ्य असतं — बदल करून दाखवतं आणि विचारतं, हे असंच ठेवू का? पंधरा-वीस सेकंद वाट बघतं. तुम्ही काही बोलला नाहीत तर आपणहून सगळं पहिल्यासारखं करतं. मग पडदा काळा झाल्यावर करायचं काय? काही नाही! माउस सोडायचा, हाताची घडी घालायची, पंधरा सेकंद गप्प बसायचं. पण माणसाला तेवढंच जमत नाही ना — तुम्ही धडाधड दाबत सुटलात, त्यात 'ठेवा'वर बोट पडलं, त्यानं ठेवलं. त्याची काय चूक?

हे बघा, माझ्या दुकानातल्या मॉनिटरवर चित्र आलं. आता तुमच्या मॉनिटरला झेपेल तेवढं ठेवतो… आणि अक्षरं बारीक दिसतात म्हणून केलंत ना हे? मग रिझोल्यूशनला हात कशाला लावायचा! ते आहे तिथे राहू द्या, खाली 'स्केल' आहे — शंभरचं सव्वाशे करा, अक्षरं टपोरी. आणि एक सांगून ठेवतो, कुणी म्हणालं की काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, अमुक कमांड मारा, तर आधी आत्ताचे आकडे कागदावर उतरवून घ्या. तिथे 'ठेवू का' विचारणारं कुणी नसतं. नीट दिसतंय याची खात्री झाल्याशिवाय तर ती कमांड मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये मुळीच टाकायची नाही, नाहीतर मशीन लावलं की अंधार, पुन्हा लावलं की पुन्हा अंधार —

मी? मी तर नेहमी आधी तपासूनच — म्हणजे, एकदा सोडून.

माझी थोरली बहीण हो, ताई. छापखान्यासाठी मुद्रितं तपासते, जाडजूड शब्दकोश वगैरे. तिचं मशीन मीच बसवून दिलेलं. एका रविवारी म्हणाली, "अरे, डोळे दुखतात." आता तिला फक्त अक्षरं मोठी हवी होती! पण मी पडलो इंजिनीअर. म्हटलं, तुझा पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतोय, पंच्याहत्तरवर नेतो, गार वाटेल डोळ्यांना. ती म्हणते जेवण निवतंय. मी घाईघाईनं कमांड लिहिली, न तपासता थेट सुरू होतानाच्या फाइलमध्ये टाकली, मशीन बंद केलं आणि जेवलो. दोनदा वाढून घेतलं वर!

सोमवारी सकाळी फोन. "अरे, सगळं काळं झालंय, दुपारी पानं द्यायचीत." गेलो. ताई खुर्चीत अशी बसलेली — दोन्ही हात मांडीवर, मशीनपासून लांब. मला दारातच कळलं काय झालंय ते. नुसत्या अक्षरांच्या पडद्यातून त्या फाइलमध्ये शिरून ती एक ओळ पुसली, दोन मिनिटांत पडदा उजळला. तिनं विचारलं, "काय झालं होतं रे?" आणि मी — आता बघा, शेजारीण उभी होती, भाचा होता, ताई सगळ्यांना सांगत होती माझा भाऊ बघा कसा हुशार — मी म्हटलं, तूच काहीतरी दाबलं असशील.

"असेल बाबा," म्हणाली. एवढंच.

हसा, हसा. मीही हसलो होतो घरी येऊन. पानं वेळेत गेली, कुणाचं काही अडलं नाही. सहा महिने झाले त्याला. नाही, नंतर सांगितलं नाही. राहून गेलं. आणि सांगायचं तरी काय उठून मुद्दाम?

परवा गेलो होतो तर ताई पडद्याला नाक लावून बसलेली, हातात भिंग. भिंग हो, पोस्टाची तिकिटं बघतात तसलं! म्हटलं, अगं वेडे, एका मिनिटाचं काम, अक्षरं मोठी करून देतो. तर तिनं मशीनवर हात आडवा धरला. म्हणाली, "नको रे, चाललंय तसं चालू दे. परत माझ्या हातून काहीतरी बिघडायचं."

माझ्या हातून, म्हणाली —

…असं काय बघताय वहिनी? हं. तुमचं झालंय, न्या. हो, सकाळचे अकराच वाजलेत, दिसतंय मला घड्याळ. दुकान बंद करतोय, ताईकडे जायचंय. उठा, उठा — ते शटर ओढायचंय मला.