बारा शब्दांचा घोडा

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात एक निवृत्त शिक्षिका आपल्या नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारच्या बहीण-भावाचं बोलणं काही केल्या कानाआड होईना.

"ताई, जुना फोन मेला तो मेलाच."

"आणि आपला गेममधला घोडा?"

"तो फोनमध्ये नव्हताच गं! तो आपला असल्याची नोंद ब्लॉकचेनवर आहे, हजारो कम्प्युटरांवर. वॉलेटमध्ये नुसती किल्ली असते. परवलीचे बाराही शब्द क्रमाने टाकले की नव्या फोनवर वॉलेट उघडेल. सांग तुझे सहा, पटकन. संध्याकाळी शर्यत आहे."

"तुझे सहा आठवतात?"

"झोपेतसुद्धा. अर्धे-अर्धे पाठ करायची अक्कल तुझीच ना?"

"मग! तू परस्पर विकला असतास त्याला. एकदा दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये गेला, की रडूनही परत येत नाही."

"विसरलीस की काय?"

"नाही."

"मग घोडं कुठे पेंड खातंय?"

"उद्या मी नोकरीच्या गावी जाणार. बाराही शब्द तुझ्याकडे आले, की तू मला फोन कशाला करशील?"

भावाचा मघापासून हलणारा पाय थांबला.

"हे बघ, पहिले सहा माझे. टाकले."

"मला दिसतायत की!"

"दिसू देत. आता तुझे तू टाक. मी डोळे मिटतो."

"बोटांच्या फटीतून बघशील."

"नाही बघणार. शप्पथ!"

"पुढचा नंबर कुणाचा?" दुकानदार ओरडला.

नंबर बाईंचा होता. पण त्यांनीही डोळे घट्ट मिटून घेतले होते.