आजोबांच्या कपाळावरची जखम

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते.

“ताई, युद्धातली नौदलाची कागदपत्रं इंटरनेटवर फुकट मिळतात. आपले आजोबा सापडले!”

“कपाळावरच्या जखमेचं लिहिलंय ना? उद्या माझी छकुली शाळेत त्यावरच भाषण करणार आहे.”

“लिहिलंय. खलाशी टांगलेल्या झोळीत झोपायचे ना, त्यातून आजोबा खाली पडले.”

“तोफगोळ्याच्या दणक्यानं!”

“जहाज बंदरात उभं होतं, ताई.”

“फुकटचं असलंच असतं! पैसे भरून नीट बघ. अन् एखाद्या वेळी पडतो माणूस.”

“तीनदा पडलेत.”

“गप्प बस! सैनिकाची शिस्त म्हणून जन्मभर जमिनीवर झोपले ते.”

“आणि घरातला पलंग कुणी विकून टाकला?”

“...आजीनं.”